साक्षीला उभा राहिलेला जॉन

न्यूझीलंडमध्ये मी दहा आठवडे राहिलो. बर्फाचे डोंगर पाहिले नाहीत, बोटीत बसलो नाही, कमरेला दोरी बांधून पुलावरून उडी मारली नाही. दहातले निदान तीन आठवडे मी बेरिल नावाच्या एका म्हाताऱ्या बाईच्या जेवणाच्या टेबलापाशी काढले, सहाशे वर्षांपूर्वी मेलेल्या एका इंग्रजाचे कागद लावत. कोल्हापुरात परतल्यावर लोक विचारतात, काय काय बघितलं? मी हे सांगायला लागलो की ऐकणारा घड्याळाकडे बघतो. म्हणून लिहून काढतोय. ज्याला घड्याळ बघायचं त्याने इथेच थांबावं.

बॉटनी डाउन्स

साल २०१६, एप्रिल महिना. माझी मुलगी स्नेहल शिकायला म्हणून ऑकलंडला गेली ती तिथलीच झाली. तिच्या आईला जाऊन दोन वर्षं झाली होती आणि मी घरात एकटा भिंतींशी भांडतो असं कोणीतरी तिला कळवलं होतं. तिने तिकीटच पाठवलं.

विमानतळावर सुरुवात झाली. माझ्या बॅगेत चार किलो कांदा-लसूण मसाला, भडंग आणि पिशवीभर ओली हळद होती. तपासणीवाल्या बाईने हळद बाजूला काढली. मी म्हटलं, निम्मी ठेवा, निम्मी द्या. ती म्हणाली, सर, इथे निम्मं नसतं. मी म्हटलं, मग चारातले तीन हिस्से तुमचे. तिने हसून सगळी हळद डब्यात टाकली आणि मसाल्याला हात लावला नाही. मनात म्हटलं, चला, सौदा वाईट झाला नाही.

स्नेहलचं घर ऑकलंडच्या बॉटनी डाउन्स या उपनगरात, दुकानांच्या मोठ्या संकुलापासून चालत दहा मिनिटांवर. जावई अमोल ईस्ट टामाकीला एका कारखान्यात इंजिनियर. सकाळी साडेसातला दोघं निघत, नात ईरा शाळेत जाई आणि मग संध्याकाळपर्यंत मी आणि फ्रिजचा आवाज. रस्त्यावर माणूस नाही. तिथे गॅरेजचं दार आपोआप वर जातं, माणूस गाडीत बसूनच घराबाहेर पडतो आणि गाडीत बसूनच घरात शिरतो. आमच्या उद्यमनगरात माझ्या जुन्या मशिनांच्या गाळ्यासमोर दिवसात दोनशे माणसं उभी राहतात, त्यातल्या पन्नासांशी माझं भांडण होतं. इथे भांडायला कोणी नव्हतं.

एकदा अमोल मला त्याच्या कारखान्याजवळच्या एका गोदामात घेऊन गेला. तिथे वापरलेली लेथ मशिनं विकायला होती. मी पाऊण तास घासाघीस केली, मशिनच्या बेडवरचे ओरखडे दाखवले, काम पकडणारा चक फिरवून बघितला, दोनदा निघून जायचं नाटक केलं. तो माणूस शेवटी म्हणाला, “स्वीट अ‍ॅज, मेट,” म्हणजे जमलं. “ तुम्हाला कुठे पोचवायचंय?” मी म्हटलं, कोल्हापूरला. बाहेर आल्यावर अमोल म्हणाला, “पप्पा, तुम्हाला घ्यायचंच नव्हतं ना?” नव्हतंच. घरी हे ऐकून ईरा म्हणाली, “आजोबा, पीपल डोन्ट डू दॅट हिअर.” तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीतच येतं.

फुकटची फळं

एप्रिलच्या शेवटी त्या भागात फिजोआ पिकतात. पेरूसारखं हिरवं, अंड्याएवढं फळ. वास असा की पेरू आणि अननस एकाच पिशवीत विसरलेत. शेजारच्या फाटकाबाहेर त्यांचं खोकं ठेवलेलं असे आणि त्यावर पुठ्ठा: फुकट, घेऊन जा.

तीन दिवस मी त्या खोक्याभोवती फिरलो. चौथ्या दिवशी एक फळ उचलून बोटाने दाबून बघत होतो, तेवढ्यात आतून आवाज आला, “किआ ओरा!” हा तिथला माओरी नमस्कार. “पिशवी आणा की.”

पांढरे केस, पायात रबरी चपला, हातात कागदांचा गठ्ठा. ती बेरिल. वय एकोणऐंशी.

“भाव काय?” मी विचारलं.

“लिहिलंय ना, फुकट.”

“मग यांच्यात खोट काय आहे?”

ती एवढी हसली की तिला फाटक धरावं लागलं. “खोट एवढीच की झाडाला फार लागतात आणि खाणारी मी एकटी.”

दुसऱ्या दिवशी मी भडंगाचा डबा घेऊन गेलो. फुकट घेतलेलं मला पचत नाही. तिने एक घास खाल्ला, डोळ्यांतून पाणी काढलं आणि दुसरा घास घेतला. जेवणाच्या टेबलावर ताट ठेवायला जागा नव्हती, सगळे कागद. मी विचारलं, कोर्टाचं काही आहे का? ती म्हणाली, “तसंच म्हणा. वीस वर्षं चाललेलं.”

तिचं माहेरचं आडनाव थॉर्नवूड. मूळ इंग्लंडातल्या एका खेड्यातलं घराणं. मागे जात जात ती चौदाव्या शतकातल्या सर जॉन थॉर्नवूडपर्यंत पोचली होती. हा सरदार फ्रान्सच्या लढाईवर गेला होता. त्याच्या वेळची जमिनीची लॅटिनमधली खतं तिने पैसे मोजून इंग्रजीत करून घेतली होती. बावीस पिढ्यांची नावं तिला तोंडपाठ. आपल्याकडे श्राद्धाला तीन पिढ्यांची नावं लागतात, चौथं विचारलं की आम्ही गुरुजींच्या तोंडाकडे बघतो. मी तिला हे सांगितलं. ती म्हणाली, “तीनच? मग बाकीचे कुठे गेले?”

त्यानंतर मी रोज अकराला जाऊ लागलो. ती दुधाचा चहा करी, मी स्नेहलकडचा चहाचा मसाला घालून तो सुधारत असे. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. जूनमधल्या लांब सुट्टीत हॅमिल्टनला साऱ्या थॉर्नवूडांचं संमेलन होतं. तिनेच ते दर तीन वर्षांनी भरवायचं. साठ माणसं येणार, ऑस्ट्रेलियाहूनसुद्धा. या वेळी ती छापलेलं पुस्तक वाटणार होती. मुखपृष्ठावर सर जॉनची ढाल.

“एरवी येतात का हे लोक तुमच्याकडे?” मी विचारलं.

“नाताळला कार्ड येतं. येतात ते सर जॉनसाठी.” ती कप विसळत म्हणाली. “सरदाराचे वंशज म्हणवून घ्यायला कोणाला आवडत नाही?”

कुरणाचं खत

मला खतं वाचायचा नाद आहे आणि त्याला कारण आहे. तेही सांगून टाकतो.

मी एकोणीस वर्षांचा असताना आमच्या थोरल्या बंधूंनी वडिलांची ओढ्याकाठची जमीन विकली. मला तालुक्याला बोलावलं, म्हणाले, साक्षीला सही कर. मी केली. दोन वर्षांनी माझा हिस्सा मागायला गेलो तर म्हणाले, “तेव्हा साक्षीला तूच उभा होतास की. तेव्हा का नाही बोललास?” वकील म्हणतात नुसत्या साक्षीने हक्क जात नाही. वकिलाच्या पुस्तकात जात नसेल, भावकीत जातो. मी अंगावरच्या कपड्यांनिशी कोल्हापूरला आलो, भंगार गोळा करण्यापासून सुरुवात केली आणि अडतीस वर्षांत थोरल्यांच्या उंबऱ्यावर पाय ठेवला नाही.

तर बेरिलच्या त्या गठ्ठ्यात एक खत होतं. जॉन, रॉबर्टचा मुलगा, म्हणजे तिचा सर जॉन, ओढ्याकाठचं कुरण मठाला विकतो. खाली साक्षीदार: गावचा पाद्री, दोन शेजारी आणि शेवटी जॉन, रॉबर्टचा मुलगा.

“हा विकणाराच साक्षीला कसा?” मी विचारलं.

“ती कारकुनाची चूक. नक्कल करताना नाव परत पडलं. भाषांतर करणाऱ्यांनीही तसंच लिहिलंय.”

“बाई, जमिनीच्या कागदात कारकून पैसे खाईल, पण विकणाऱ्याला साक्षीला बसवणार नाही. हा दुसरा माणूस आहे. हा भाऊ आहे.”

“भाऊच का?”

“कारण भावालाच उभं करतात. उद्या हिस्सा मागायला येऊ नये म्हणून. त्याने बघितलं, त्याच्यासमोर झालं, तोंड बंद.”

तिने ते नाव परत वाचलं. मी मात्र पेटलो होतो. सगळे कागद मी जमिनीवर मांडले, दोन मशिनांचे सुटे भाग एका पेटीत मिसळले की वेगळे करतात तसे. उडू नयेत म्हणून प्रत्येकावर एक फिजोआ. ज्या वसंतात सर जॉन फ्रान्समध्ये लढत होता, त्याच वसंतात गावच्या न्यायसभेत जॉनला दंड झाला होता: गुरं पाद्र्याच्या जवात शिरली. तिने टीप लिहिली होती की गडीमाणसांची गुरं मालकाच्या नावावर मांडली असावीत. सर जॉन मेल्यावर त्याची विधवा विकलेल्या कुरणातल्या आपल्या चरितार्थाच्या हिश्शासाठी मठाशी भांडते, त्यात मुलाचं नावही नाही. आणि सहा वर्षांनी जॉन आपल्या लेकाला घर लावून देतो. बेरिलने या जॉनला सरदाराचा मुलगा धरलं होतं.

“मुलगा असता तर आईच्या भांडणात उतरला नसता का?” मी म्हटलं. “हे बघा. डावीकडे सरदार. विकतो, लढतो, मरतो, पोरबाळ नाही. उजवीकडे साक्षीवाला. गुरं, दंड, मुलगा, घर. फक्त एकच अडतंय. कुठला बाप दोन्ही पोरांना एकच नाव देईल?”

बेरिल खुर्चीत बसली होती. ती म्हणाली, “देत असत. त्या काळी बाप्तिस्म्याला उभा राहणारा धर्मपिता बाळाला स्वतःचं नाव द्यायचा. दोघा भावांना एकच धर्मपिता मिळाला की दोघेही जॉन. मला हे माहीत होतं, मिस्टर माने. वीस वर्षं माहीत होतं.”

तिचा चेहरा उतरला होता. शहाणा माणूस तिथे उठून घरी गेला असता. मी कुलूप उघडल्याच्या आनंदात होतो. म्हणालो, “म्हणजे तुमचा सर जॉन तुमचा कोणीच नाही. तुम्ही सगळे त्या दुसऱ्याचे.”

“मिस्टर माने,” ती म्हणाली, “आता तुम्ही घरी जा.”

नऊ दिवस

नऊ दिवस तिचं दार बंद होतं. खोकं फाटकाशी होतं, पण त्याला हात लावायची माझी हिंमत झाली नाही. फळं सडली, त्यांवर माशा आल्या. मी दुकानांच्या संकुलात जाऊन बाकावर बसून येई. कोपऱ्यावर किरकोळ सामानाचं दुकान आहे, तिथे त्याला डेअरी म्हणतात. तिथल्या गुजराती माणसाशी दुधाच्या भावावरून वाद घालून बघितला. तो थकलेला होता. “काका, भाव मशिनमध्ये फिक्स आहे,” एवढंच म्हणाला.

“पप्पा, तुम्ही तिला सॉरी म्हणा ना,” स्नेहल म्हणाली.

“चूक माझी असती तर म्हटलं असतं.”

“चुकीचं कोण म्हणतंय? पण ती हीप्स लोनली आहे हो, फार एकटी. तिचं ते एकच होतं.”

“आणि मी?” असं माझ्या तोंडून निघून गेलं. स्नेहलची पोळी तव्यावर फुगून करपली. मी टीव्ही लावला.

दहाव्या दिवशी सकाळी बेरिल दारात उभी होती. डोळे सुजलेले.

“नऊ दिवस तुम्हाला खोटं पाडायचा प्रयत्न केला,” ती म्हणाली. “रोज पहाटेपासून. जमलं नाही.”

“मी...” मी सुरुवात केली. मला पुढचा शब्द येत नव्हता, सवय नाही.

“राहू द्या. मी छापखान्याला कळवलंय, पुस्तक थांबवा म्हणून. शनिवारी हॅमिल्टनला मी त्यांना सांगणार आहे. तुम्ही माझ्याबरोबर या.”

“न सांगता चालणार नाही? कोणाला कळणार आहे?”

हे मी विचारलं. व्यवहारात उभा जन्म गेलेला माणूस मी, दुसरं काय विचारणार? तिने माझ्याकडे असं बघितलं की मी बूट घालायला लागलो. शनिवारला अजून दोन दिवस होते.

हॅमिल्टन

गाडी तिनेच चालवली, सावकाश, दोन्ही हातांनी चाक घट्ट धरून. ऑकलंड संपलं की हिरवळ सुरू होते आणि संपत नाही. गुरं आहेत, गुराखी नाही. ‘ते रापा’ नावाच्या भागाजवळ दुधाचा प्रचंड कारखाना लागतो. पुढे एका सभागृहात संमेलन होतं.

साठ जण होते. लांब टेबलांवर सॉसेजचे रोल, सँडविच, क्रीमचा पांढरा डोंगर असलेला गोड पदार्थ. प्रत्येकाने घरून काहीतरी आणलेलं, माझ्याकडून भडंग. भिंतीवर सर जॉनची ढाल टांगलेली. रॉजर नावाच्या धिप्पाड शेतकऱ्याने तीच ढाल छापलेला शर्ट घातला होता. मला कोणी टॅक्सीवाला समजलं, कोणी बेरिलचा डॉक्टर. मी दोन्हीला मान हलवली.

बेरिल उभी राहिली. कागद हातात होता, पण तिने तो वाचला नाही. कुरणाचं खत सांगितलं, गुरांचा दंड सांगितला, धर्मपित्याची रीत सांगितली. म्हणाली, “हे मला वीस वर्षांपूर्वी दिसायला हवं होतं. मला सरदार हवा होता, म्हणून दिसलं नाही. आपण सर जॉनचे नाही. त्याच्या भावाचे.” मग माझ्याकडे बोट केलं. “हे मिस्टर माने यांनी शोधलं.”

साठ चेहरे माझ्याकडे वळले. कोल्हापुरात मी लिलाव जिंकलेत, मारामाऱ्या सोडवल्यात, पण इतका परका मी कुठे झालो नव्हतो.

रॉजर शर्टाकडे बघत म्हणाला, “म्हणजे हा माझ्या छातीवर बसलेला बाबा कोण?”

“चुलता म्हण,” कोणीतरी ओरडलं.

“आणि आपल्या त्या जॉनबद्दल काय माहिती आहे?” रॉजरने विचारलं.

“तीन ओळी,” बेरिल म्हणाली. “साक्षीला उभा होता. त्याची गुरं पाद्र्याच्या जवात शिरली. लेकाला घर लावून दिलं.”

“पाद्र्याच्या पिकात गुरं?” रॉजर म्हणाला. “मग नक्की आपलाच.”

हशा झाला. मला वाटलं, सुटलो. पण हसून झाल्यावर लोक लवकर उठले. ऑस्ट्रेलियाच्या दोघी बहिणी फोटोआधीच निघाल्या. त्यांच्यापैकी एक दारात म्हणाली, “इतक्या लांब आलो आणि हे.” ढाल कोणी उतरवायला आलं नाही, शेवटी मी स्टुलावर चढून काढली. तीन वर्षांनी पुन्हा कुठे भेटायचं, हे दर वेळी निघण्यापूर्वी ठरायचं म्हणे. या वेळी कोणी विचारलं नाही. रॉजरने मात्र उरलेलं भडंग डब्यासकट नेलं आणि बेरिलला मिठी मारली. तेवढंच.

परतीची वाट

तासभर ती नुसती गाडी चालवत होती. ऑकलंडच्या अलीकडे बॉम्बे नावाच्या टेकड्या आहेत, तिथे पेट्रोल पंपाशी तिने गाडी उभी केली. पेट्रोल भरायचं नव्हतं. चार वाजले होते, जूनचं ऊन लवकर उतरत होतं. समोर कांद्याच्या लागवडीची तांबडी माती दिसत होती.

“मला त्याची आठवण येते,” ती म्हणाली.

“नवऱ्याची?”

“सर जॉनची. हसू नका. वीस वर्षं मी त्याच्याबरोबर नाश्ता केलाय. त्याचे खटले, त्याचं कर्ज, त्याचा फ्रान्समधला हिवाळा. आता तो दुसऱ्याच कोणाचा तरी आहे. खरं तर कोणाचाच नाही, त्याला मूल नव्हतं.” तिने चष्मा पुसला. “आणि हा दुसरा. माझ्याच रक्ताचा, आणि मला याच्याबद्दल काहीच वाटत नाही. तीन ओळींच्या माणसाबद्दल काय वाटणार?”

मोठ्या रस्त्यावरून गाड्या जात होत्या.

“मिस्टर माने, त्या दिवशी तो तिथे उभा होता तेव्हा त्याला काय वाटलं असेल?”

“ते तुमच्या पुस्तकात घालता येणार नाही. त्याला पुरावा नाही.”

“मला माहीत आहे. तरी सांगा.”

अडतीस वर्षांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. हिस्सा किती होता, जमिनीला आज काय भाव आला असता, कोर्टात का गेला नाहीस, हे सगळ्यांनी विचारलं. माझ्या बायकोनेसुद्धा तेच विचारलं होतं. बेरिलने गाडीचं इंजिन बंद केलं आणि हात मांडीवर ठेवून माझ्याकडे वळून बसली.

“सगळ्यात आधी,” मी म्हणालो, “त्याला आनंद झाला असेल. थोरल्याने आपल्याला बोलावलं, मोठ्या माणसांत उभं केलं. नवा सदरा घालून गेला असेल तो.”